विमानाचें तेल आणि शेतकऱ्याची जोखीम

(वाचावें : लूक १४:२८-३०, गलतीकरांस ६:२-५)

जमिनींतून पिकणाऱ्या तेलाचा उपयोग मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. तेलानें दिवा पेटतो, भाजीला फोडणी बसते, जखमेस आराम पडतो, व पवित्र शास्त्रांतील राजे व याजक ह्यांचा अभिषेकहि तेलानेंच होत असे. आतां ह्या यादींत एका नव्या उपयोगाची भर पडली आहे. गळिताच्या धान्यांपासून विमानाचें इंधन करितां येतें, व तें करावें म्हणून मोठमोठीं सरकारें कायदे करीत आहेत. तेव्हां उद्यां-परवां आपल्या गांवीं कोणी एजंट येऊन "ह्या बियाण्याची लागवड करा, पिकेल तें सारें आम्ही घेऊं," असें म्हणाला तर आश्चर्य नाहीं. त्या वेळीं ख्रिस्ती शेतकऱ्यानें काय उत्तर द्यावें, हा केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न नसून धर्माचाहि प्रश्न आहे. आणि त्याचा विचार एजंट येण्यापूर्वींच केलेला बरा.

हा नवा उद्योग कां निघाला हें प्रथम थोडक्यांत समजून घेऊं. विमान चालतें तें आपल्या रॉकेलाच्याच जातीच्या, पण अधिक शुद्ध केलेल्या खनिज तेलावर. तें जळून जो कर्बवायु निघतो तो हवेंत सांचत जातो, व पृथ्वीचें उष्णमान वाढण्याच्या कारणांत हेंहि एक कारण आहे. मनुष्याच्या सर्व उद्योगांतून जितका कर्बवायु निघतो त्यांत विमानांचा वांटा शेंकडा सुमारें अडीच आहे. मोटारीस वीज लावितां आली. पण शेंकडों माणसें घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या विमानास ती अजून लावितां आलेली नाहीं. म्हणून असा विचार निघाला कीं, जमिनीखालचें तेल जाळण्याऐवजीं जमिनीवर पिकलेलें तेल जाळावें. कारण झाड वाढतांना जो कर्बवायु हवेंतून घेतें तोच त्याचें तेल जळतांना हवेंत परत जातो. युरोपीय संघानें सन २०२३ मध्यें कायदा करून असें ठरविलें कीं, विमानाच्या इंधनांत सन २०२५ पासून निदान २ टक्के, सन २०३० पासून ६ टक्के व सन २०५० पासून ७० टक्के नवें इंधन असलें पाहिजे. आपल्या भारत सरकारनेंहि सन २०२३ मध्येंच परदेशीं जाणाऱ्या विमानांकरितां सन २०२७ मध्यें १ टक्का व २०२८ मध्यें २ टक्के असें उद्दिष्ट सांगितलें. परंतु सन २०२४ मध्यें साऱ्या जगांत असें इंधन तयार झालें तें अवघें दहा लाख टन, म्हणजे लागणाऱ्या इंधनाच्या हजारांत तीन भाग. मागणी कायद्यानें वाढविलेली आणि माल तर नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे व्यापाऱ्याची दृष्टि शेताकडे वळावयाचीच.

येथें कोणी म्हणेल, "विमानांत बसणारे लोक पैसेवाले, त्यांच्या इंधनाची काळजी आम्हां खेडुतांस कशाला?" हें म्हणणें वरवर खरें दिसतें, पण पुरतें खरें नाहीं. उन्हाळा वाढला, पावसाचा नेम चुकला, काढणीच्या ऐन वेळीं अवकाळी सर आली, तर पहिला घाव कोरडवाहू शेतकऱ्यावर पडतो. धूर कोणाचाहि असो, त्याचा ताप गरिबासच आधीं लागतो. म्हणून तो धूर कमी व्हावा ह्यांत गरिबाचें हित आहे. शिवाय आपल्याच मंडळ्यांतील तरुण आखाती देशांत नोकरीस जातात ते विमानानेंच जातात. विमान हें पाप नव्हे, व त्याकरितां चांगलें इंधन शोधणें हेंहि पाप नव्हे. खरा प्रश्न निराळा आहे. रोगाचा ताप ज्यानें सोसला त्याच्याच अंगावर औषधाचा प्रयोगहि करावा काय? आणि करावयाचा झालाच, तर तो फसल्यास त्याचा भार कोणीं वाहावा?

प्रभूनें बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. शहाणा मनुष्य पायाचा दगड घालण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करितो. आपणहि तसाच हिशेब करून पाहूं, आणि तो आपल्या ओळखीच्या सोयाबीनापासून सुरू करूं. आपल्या देशांत सोयाबीनाचें सरासरी उत्पन्न हेक्टरीं सुमारें एक टन, म्हणजे एकरीं चार क्विंटल येतें. शंभर किलो सोयाबीनांत तेल निघतें अठरा-एकोणीस किलो. म्हणजे एका एकराचें तेल झालें पाऊणशें किलो. आतां पुण्याहून दिल्लीस जाणारें विमान घ्या. दोन तासांच्या ह्या प्रवासांत त्यास स्थूलमानानें पांच टन इंधन लागतें. वनस्पतीच्या तेलाचें इंधन करितांना वजनांत घट येते, म्हणून पांच टनांकरितां निदान सहा टन तेल पाहिजे. भागाकार केला तर उत्तर येतें ऐंशी एकर. अशा इंधनाची भेसळ सध्यां अर्ध्याहून अधिक करूं देत नाहींत, तेव्हां चाळीस एकर म्हणा. चाळीस एकरांचें वर्षाचें तेल, आणि प्रवास दोन तासांचा! तेल काढल्यावर पेंड मागें राहते व ती गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाण्यांत येते, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि तेल गेलें तें गेलेंच.

आणि आपल्या देशाजवळ खाण्याचें तेल शिलकी नाहीं. लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक आपण परदेशांतून आणितों. गळिताच्या धान्यांची वाढ व्हावी म्हणून भारत सरकारनें सन २०२४ च्या आक्टोबरांत १०,१०३ कोटि रुपयांची योजना मंजूर केली ती ह्याच कारणानें. अशा स्थितींत सोयाबीन, करडई, मोहरी ह्यांचें तेल विमानांत घातलें, तर स्वयंपाकघरांतील तूट भरून काढण्यास इंडोनेशिया व मलेशिया ह्या देशांतून आणखी पामतेल आणावें लागेल. आणि त्या देशांत पामच्या बागांकरितां पुष्कळ अरण्यें तोडलीं गेलीं आहेत. येथें धूर कमी झालासा दिसेल, व तेथें वाढेल. म्हणूनच युरोपाच्या कायद्यानें मनुष्याच्या अन्नाच्या व गुरांच्या चाऱ्याच्या पिकांपासून केलेलें इंधन ह्या कामीं वर्ज्य केलें आहे. मुलांच्या ताटांतील उचलून दुसऱ्यास देणें योग्य नव्हे, हें ज्या गृहिणीस समजतें तिला हा कायदाहि समजेल.

मग कोणी म्हणेल, "खाण्याचें तेल नको; जें खातां येत नाहीं असें बी पेरूं. चांगल्या जमिनींत नको; पडीक जमिनींत पेरूं." हा विचार नवा नाहीं. आपल्या देशांत तो एकदां मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे, आणि त्याची हकीकत प्रत्येक शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मोगली एरंड, ज्यास कोठें चंद्रज्योत म्हणतात व सरकारी कागदांत जट्रोफा म्हणतात, हें झुडूप मूळचें मेक्सिकोकडील. आपल्याकडे तें कुंपणास लावीत आले आहेत, कारण गुरें त्यास तोंड लावीत नाहींत. त्याच्या बियांत शेंकडा तीसांच्यावर तेल असतें, परंतु बी विषारी आहे. सन २००३ मध्यें नियोजन आयोगाच्या एका समितीनें असें सुचविलें कीं, एक कोटि हेक्टरांहून अधिक जमिनींत हें झुडूप लावावें, म्हणजे देशाच्या डिझेलांत पांचवा हिस्सा ह्याचें तेल मिसळितां येईल. हेक्टरीं पावणेचार टन बी मिळेल असा अंदाज धरला होता. छत्तीसगड, राजस्थान, आंध्र, तामिळनाडु आणि आपला महाराष्ट्र, अशा अनेक प्रांतांत लागवडी झाल्या. पाणी नको, खत नको, राखण नको, असें सांगण्यांत येई. ३० डिसेंबर २००८ रोजीं न्यूझीलंड देशांत एका मोठ्या विमानाच्या एका एंजिनांत निम्में जट्रोफाचें इंधन घालून तें उडवून दाखविण्यांत आलें, तेव्हां तर ह्या झुडपाची कीर्ति साऱ्या जगांत झाली.

परंतु शेतांत काय झालें? झुडूप कोरड्या माळावर जगलें, पण फळलें नाहीं. कारण पाण्यावांचून जगणें निराळें व पाण्यावांचून फळणें निराळें. गहूं-ज्वारी ह्यांचें बियाणें पिढ्यान्पिढ्या निवडून सुधारलेलें असतें. हें झुडूप रानटीच होतें. एकास भरपूर बी येई, तर शेजारच्यास ओंजळभरहि येत नसे. बी येण्यास तीन वर्षें वाट पाहावी लागे. फळें एकदम पिकत नाहींत. म्हणून तीं हातांनीं, पुनःपुनः, वेंचावीं लागत. पेंड विषारी, म्हणून गुरांस घालितां येत नसे. पुष्कळ ठिकाणीं उत्पन्न हेक्टरीं एका टनाच्या आंतच राहिलें.

आतां भावाचा हिशेब पाहा. सरकारनें असें ठरविलें होतें कीं, १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनीं हें डिझेल लिटरास २५ रुपये ह्या दरानें विकत घ्यावें. एक लिटर तेलास चार किलोंच्या आसपास बी लागतें. म्हणजे घाणेवाल्यानें व कारखानदारानें एक पैसाहि घेतला नाहीं असें धरलें, तरी शेतकऱ्यास किलोमागें सवासहा रुपये, क्विंटलामागें सवासहाशें रुपये, ह्याहून अधिक मिळणें शक्य नव्हतें. अंदाजाप्रमाणें एकरीं पंधरा क्विंटल आलें असतें तर नऊ हजारांवर रुपये झाले असते. चारच क्विंटल आलें तर झाले अडीच हजार, आणि त्यांतून वेंचणीची मजुरी वजा जावयाची. त्याच काळीं सोयाबीनाचा हमीभाव क्विंटलास सुमारें एक हजार रुपये होता, व तें पीक चार महिन्यांत हातीं येत होतें. हा हिशेब करण्यास मोठी विद्या लागत नाहीं. पण तो शेतकऱ्यापुढें कोणीं मांडला नाहीं.

पांचवा हिस्सा मिसळण्याची मुदत सन २०१२ होती, ती पुढें सन २०१७ पर्यंत लांबविली, आणि सन २०१८ च्या धोरणांत २० टक्क्यांऐवजीं सन २०३० पर्यंत ५ टक्के एवढेंच उद्दिष्ट उरलें. त्याच वर्षीं, २७ आगस्ट २०१८ रोजीं, डेहराडूनहून दिल्लीस एक प्रवासी विमान गेलें. त्याकरितां केलेल्या इंधनांत चौथा हिस्सा छत्तीसगडांत पिकलेल्या जट्रोफाच्या तेलाचा होता, व तें डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनें तयार केलें होतें. शास्त्रज्ञांच्या ह्या विद्येचा आम्हांस अभिमान वाटतो. त्यांचा प्रयोग सिद्धीस गेला. परंतु ज्यांनीं तीन-तीन वर्षें जमीन अडकवून ठेविली त्या बहुतेक शेतकऱ्यांचा हिशेब सिद्धीस गेला नाहीं.

झुडपाचा ह्यांत दोष नाहीं, व योजना करणारे सारे लबाड होते असेंहि आम्ही म्हणत नाहीं. देशाचें हित व्हावें, गरिबास काम मिळावें, अशी पुष्कळांची खरी इच्छा होती. पण नुकसान कोणाकडे किती गेलें हें पाहा. समितीचा अंदाज चुकला, तिनें नवा अंदाज केला. कंपनीचें गणित चुकलें, तिनें तें काम बंद करून दुसरें हातीं घेतलें. विद्वानांस त्या अपयशांतूनहि ज्ञान मिळालें. शेतकऱ्याचीं मात्र तीन वर्षें गेलीं, आणि त्याच्याजवळ दुसरी जमीन नव्हती. सर्वांनीं मिळून केलेल्या चुकीचें मोल जो सर्वांत कमी जाणत होता आणि सर्वांत कमी सोसूं शकत होता त्यानें भरलें. आमच्या मतें ह्या साऱ्या प्रकरणांतील नीतीचा मुद्दा हाच आहे.

ह्याविषयीं प्रेषित पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत मोठें मार्मिक शिक्षण आहे. एके ठिकाणीं तो एकमेकांचीं ओझीं वाहण्यास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकानें आपापला भार वाहिला पाहिजे असें सांगतो. वाचणारास हा विरोध वाटतो. परंतु मूळ ग्रीक भाषेंत हे दोन शब्द निरनिराळे आहेत. पहिला शब्द बारोस. म्हणजे मनुष्यास दडपून टाकणारें वजन. दुसरा फोर्तिओन, म्हणजे ज्याचें त्यास नेमून दिलेलें, त्याच्यानें नेववेल असें गांठोडें. शेतकऱ्याच्या धंद्यास हा भेद चांगला लागू पडतो. वेळेवर पेरणें, तण काढणें, राखण करणें, मालांत खोट न करणें, हें शेतकऱ्याचें गांठोडें आहे. तें त्यानेंच वाहावें. त्यांत आळस केला तर दोष त्याचा. परंतु पूर्वीं कधीं न केलेलें बियाणें आपल्या मातींत येईल कीं नाहीं, आणि दूरच्या राजधानींत ठरलेला भाव तीन वर्षांनीं टिकेल कीं नाहीं, हें त्याचें गांठोडें नव्हे. हें दडपून टाकणारें ओझें आहे, आणि तें एकट्याच्या खांद्यावर देणें हा ख्रिस्ताच्या नियमाचा भंग आहे.

कोणी आक्षेप घेईल, "शेती म्हणजे जोखीमच. शेतकऱ्यावर कोणीं जुलूम केला नाहीं. त्यानें राजीखुशीनें करार केला. नफा झाला असता तर त्यानें तो वांटून दिला असता काय?" ह्या आक्षेपांत कांहीं तथ्य आहे. नफ्याची आशा धरणाऱ्यानें तोट्याचीहि तयारी ठेविली पाहिजे. परंतु राजीखुशी खरी केव्हां? जेव्हां दोघांसहि सारखें ठाऊक असतें व दोघांसहि नाहीं म्हणण्याची मोकळीक असते तेव्हां. ज्याच्या डोक्यावर सावकाराचें कर्ज आहे व ज्याच्या पोरीची फी भरावयाची राहिली आहे, तो आगाऊ पैशाकडे पाहून होय म्हणतो. एसावानेंहि आपलें ज्येष्ठपण राजीखुशीनेंच विकलें; म्हणून त्या सौद्यांत याकोब निर्दोष ठरला काय?

मोशेच्या नियमशास्त्रांत अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, कोणाचें जातें किंवा जात्याची वरची तळीहि गहाण घेऊं नये. कारण तसें करणें म्हणजे त्याचा जीवच गहाण घेणें होय. देव व्यवहार बंद करीत नाहीं, कर्जहि बंद करीत नाहीं. परंतु व्यवहारास एक मर्यादा घालून देतो. ज्यावर घराची भाकर चालते तें व्यवहाराच्या बाहेर. आमच्या मतें नव्या पिकाविषयीं शेतकऱ्याचा पहिला नियम हाच असावा. ज्या शेतावर घराची वर्षाची ज्वारी व गुरांचा कडबा निघतो तें शेत "जात्याचें शेत" समजावें, आणि कितीहि भाव सांगितला तरी प्रयोगास देऊं नये.

दुसरी गोष्ट, करार कसा लिहिला आहे हें पाहावें. भाव क्विंटलावर ठरविला म्हणजे पीक न येण्याची सारी जोखीम शेतकऱ्याकडे राहते. एकरावर कांहीं रक्कम ठरविली म्हणजे ती जोखीम घेणाऱ्याकडे जाते. जो एजंट म्हणतो कीं बियाणें हमखास येतें, त्यास नम्रपणें विचारावें, "तर मग पहिलीं तीन वर्षें एकरीं निदान अमुक रुपये द्याल काय? वर जें पिकेल त्याचे क्विंटलाप्रमाणें द्या." त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास असेल तर त्यास हें जड वाटूं नये. जड वाटलें तर शेतकऱ्यास उत्तर मिळालें. त्याचप्रमाणें बियाणें कोणाचें, घाणा किती कोसांवर, वाहतूक कोणाच्या पदरची, पेंड कोणाची, हें सारें लिहून घ्यावें. नव्या पिकास पीकविमा मिळतोच असें नाहीं, कारण तो सरकारनें अधिसूचित केलेल्या पिकांसच असतो. पीककर्जाचा दरहि जिल्ह्यांत पिकवार ठरतो. ज्या पिकाचा दर ठरला नाहीं त्याकरितां मनुष्य सावकाराच्याच दारीं जातो. हमीभावहि ठराविक पिकांसच आहे. आणि हमीभाव असला तरी काय होतें हें सन २०२४ च्या हंगामांत सोयाबीनवाल्यांनीं पाहिलें. हमीभाव ४,८९२ रुपये असतां पुष्कळांस त्याहून कमी भावानें माल विकावा लागला.

तिसरी गोष्ट, कायद्यानें वाढलेली किंमत कायद्यानें उतरूंहि शकते. हें नवें इंधन खनिज इंधनाहून कितीतरी महाग आहे. कायद्याचा टेकू काढला तर तें कोणी घेणार नाहीं. ह्याचा अनुभव महाराष्ट्रास आहे. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका विमानांत उसाच्या मळीपासून केलेलें थोडें इंधन मिसळलें होतें, तेव्हां उसाला नवें भाग्य उघडलें असें पुष्कळांस वाटलें. त्याच वर्षीं पाऊस कमी झाला, साखर पुरेल कीं नाहीं अशी धास्ती पडली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजीं सरकारनें उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. थोड्याच दिवसांत ती कांहीं अंशीं सैल केली हें खरें. पण ज्यांनीं कर्ज काढून यंत्रें बसविलीं होतीं त्यांची झोंप उडाली. सरकारनें अन्नास आधीं पाहिलें ह्यांत अन्याय नाहीं. तात्पर्य एवढेंच कीं, ज्याची किंमत हुकुमावर उभी आहे त्यावर गरिबानें आपलें घर उभारूं नये.

मग ह्या उद्योगांत चांगलें कांहींच नाहीं काय? आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागांत, तसेंच आर्जेंटिना व उरुग्वे ह्या देशांत, कॅरिनाटा नांवाची इथियोपियाकडील मोहरी थंडीच्या दिवसांत, जेव्हां शेत एरवीं रिकामें राहिलें असतें तेव्हां, पेरितात. ती खाण्याची नव्हे. तिनें मुख्य पिकाची जागा अडत नाहीं, आणि माती झांकलेली राहून धूपहि कमी होते. सन २०१८ च्या जानेवारींत लॉस एंजेलिसहून मेलबोर्नला गेलेल्या विमानांत ह्याच मोहरीचें इंधन मिसळलें होतें. परंतु ह्यावरून "आपलींहि रिकामीं शेतें आहेत" असें घाईनें म्हणूं नये. आपल्या काळ्या जमिनींत सोयाबीन निघाल्यावर जी ओल राहते तिच्यावर हरभरा किंवा ज्वारी येते. ज्वारी म्हणजे माणसाची भाकर व बैलाचा कडबा. दुसऱ्याचें रिकामें शेत आपल्याकडे रिकामें नसतें. त्यापेक्षां तळणीचें वापरलेलें तेल गोळा करून त्याचें इंधन करण्याचा मार्ग अधिक निर्दोष दिसतो. त्यांत कोणाची जमीन जात नाहीं. आणि बांधावर किंवा कुंपणास मोगली एरंड असेल तर त्याचें बी विकून चार पैसे मिळविण्यास कोणाचीच हरकत नसावी. झुडूप आपल्या जागीं असलें म्हणजे उपकारक होतें.

आतां "पडीक" ह्या शब्दाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कागदावर जी जमीन पडीक तिच्यावर विधवेची शेळी चरते, भूमिहीनाची चूल तिच्यावरील काटक्यांनीं पेटते. आपल्या कित्येक मंडळ्यांतील कुटुंबांस तर गायरानाच्या तुकड्यावांचून दुसरी जमीनच नाहीं, आणि तो तुकडाहि अजून त्यांच्या नांवावर नाहीं. जट्रोफासारखें पीक अशा जमिनीवर लाविलें म्हणजे शेळीचा चारा जातो, व पडीक जमिनीचा सदुपयोग केला असें अहवालांत लिहिलें जातें. नाबोथाचा द्राक्षमळा घेतांना निदान तो द्राक्षमळा आहे हें अहाबास कबूल होतें. जमिनीस पडीक म्हणण्यापूर्वीं तिच्यावर कोण जगतो हें विचारणें, हा न्यायाचा पहिला धडा आहे.

मजुरांविषयींहि विचार केला पाहिजे. अशा पिकाचा हिशेब जमेना म्हणजे मालक प्रथम हात घालितो तो वेंचणाऱ्या बायकांच्या मजुरींत. याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत अडकवून ठेविलेली मजुरी स्वतःच ओरडते, व तें ओरडणें सेनाधीश प्रभूच्या कानीं पोहोंचतें, असें सांगितलें आहे. जें पीक मजुरी बुडविल्यावांचून परवडत नाहीं तें ख्रिस्ती मनुष्यास परवडत नाहीं, असें समजावें.

शेवटीं मंडळीच्या कर्तव्याविषयीं. प्रयोग कोणीं तरी केलाच पाहिजे. त्यावांचून ज्ञान वाढत नाहीं. परंतु तो ज्यास सोसेल त्यानें करावा. ज्या बंधूंस पंचवीस-तीस एकर बागाईत आहे, किंवा ज्या मंडळ्यांच्या व संस्थांच्या ताब्यांत जमिनी आहेत, त्यांनीं एक-दोन एकरांत करून पाहावें, खर्च व उत्पन्न वहींत टिपून ठेवावें, आणि तोटा झाला तरी तो लपवूं नये. तसें केल्यास दोन एकर जमिनीचा धनी असलेल्या बंधूस विचारावयास एजंटावांचून दुसरें ठिकाण राहील. एकमेकांचें ओझें वाहणें म्हणजे केवळ आजारीपणांत प्रार्थना करणें व मयतास खांदा देणें नव्हे. जो धोका माझ्यानें सोसवेल व माझ्या भावाच्यानें सोसवणार नाहीं, तो मीं आधीं पत्करणें, हेंहि तेंच आहे. आणि करारावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो कागद पाळकास, शिक्षकास किंवा सोसायटीच्या जाणत्या मनुष्यास दाखवावा. त्यांत कमीपणा नाहीं.

अलिशा संदेष्ट्याकडे आलेल्या त्या विधवेच्या घरीं तेलाचें एकच भांडें होतें, व सावकार तिचीं मुलें न्यावयास आला होता. देवानें तें तेल वाढविलें, तेव्हां संदेष्ट्यानें तिला सांगितलेला क्रम असा होता : तेल विकावें, देणें फेडावें, आणि जें उरेल त्यावर तिनें व तिच्या मुलांनीं निर्वाह करावा. तेल विकण्यास देवाची मनाई नाहीं. पण त्या तेलाच्या शेवटीं कर्ज फिटलेलें व मुलें घरांत राहिलेलीं असलीं पाहिजेत. नव्या पिकाचा, नव्या कराराचा व नव्या कायद्याचा कस ह्याच कसोटीवर लावून पाहावा. ज्या तेलानें श्रीमंताचें विमान चढतें आणि गरिबाचें कर्जहि चढतें, तें कितीहि स्वच्छ जळलें तरी देवाच्या दृष्टीनें स्वच्छ नव्हे. आणि ज्या व्यवहारांत बलवानानें आपल्या खांद्याप्रमाणें भार उचलला, त्यांत शेतकऱ्यानेंहि आपलें गांठोडें प्रामाणिकपणें उचलावें, व दोघांनींहि जमीन ज्याची आहे त्या परमेश्वराचे उपकार मानावे.